चाकूरची बाजारपेठ

चाकूरची बाजारपेठ ही महाराष्ट्राच्या लातूर जिल्ह्यातील चाकूर या तालुक्याच्या गावची व्यापारी वसाहत होय. लातूर–अहमदपूर–नांदेड रस्त्याच्या कडेची दुकाने, जुन्या गावठाणातील पेठ, शेतमालाचा मोंढा, आठवडी बाजार आणि सार्वजनिक संस्थांच्या मालकीचे गाळे असे तिचे सर्वसाधारण स्वरूप आहे. ग्रामपंचायतीच्या जागी नगरपंचायत आल्यावर आणि तुळजापूर–नागपूर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ चौपदरी करण्याचे काम हाती घेतल्यावर या बाजारपेठेतील जागांचे कायदेशीर स्थान बदलले. दुकान, दुकानदार आणि गिऱ्हाईक तेच राहिले, तरी त्यांना लागू होणारे कायदे वेगळे झाले. हा बदल वरकरणी दिसत नाही. गाळ्याची मुदत संपते, अतिक्रमणाची नोटीस येते किंवा बँक कर्जासाठी मालकीचा कागद मागते, तेव्हा तो जाणवतो.

== स्थान आणि गिऱ्हाईक ==

चाकूर हे लातूरच्या पूर्वेस, चाळीस किलोमीटरांच्या आत आहे. तालुक्यात नळेगाव, चापोली, वडवळ नागनाथ, लातूर रोड ही मोठी गावे आहेत. त्यांपैकी लातूर रोड हे विकाराबाद–परळी लोहमार्गावरील जंक्शन आहे. चाकूर विधानसभेसाठी अहमदपूर मतदारसंघात आणि लोकसभेसाठी लातूर मतदारसंघात मोडते. लोकसभेचे माजी अध्यक्ष व माजी केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील चाकूरकर यांचे हे जन्मगाव. सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे आहे. दरमहा निश्चित पगार मिळणाऱ्या वर्गाची वस्ती पावसावर अवलंबून असलेल्या बाजारपेठेला आधार देते.

बाकीचे गिऱ्हाईक शेतीचे आहे. लातूर जिल्ह्यात गेल्या काही दशकांत ज्वारी, करडई, भुईमूग, सूर्यफूल यांची जागा मोठ्या प्रमाणात सोयाबीनने घेतली. त्याला जोड तूर आणि हरभऱ्याची. याचा परिणाम बाजाराच्या वेळापत्रकावर झाला. पूर्वी निरनिराळ्या पिकांचा पैसा वर्षभर थोडाथोडा येत असे. आता दसरा–दिवाळीच्या सुमारास सोयाबीन मोंढ्यात आले, की कापड, भांडी, सोने, दुचाकी आणि बांधकाम साहित्य यांची वर्षातील मोठी उलाढाल एकदमच होते. आडत दुकान, कृषी सेवा केंद्र आणि किराणा दुकान यांची उधारीही याच पट्टीतून फिटते. सोयाबीनचा दर पडला, की उधारी पुढच्या हंगामावर जाते. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये ठरवला होता. मराठवाड्यातील खुल्या बाजारात त्या हंगामात बहुतेक काळ दर त्याखालीच राहिले. हमीभाव केंद्रावर माल घालणाऱ्या शेतकऱ्याला भाव अधिक मिळतो, पण नोंदणी, ओलाव्याची अट आणि पैसे खात्यात जमा होईपर्यंतचा काळ यांमुळे गरजू शेतकरी आडतीकडेच वळतो. गावातील दुकानदारही अशा वेळी आडतीच्या रोख पैशावर नजर ठेवून असतो.

लातूर जवळ असणे ही चाकूरच्या व्यापाराची सोय आहे आणि अडचणही. ठोक माल लातूरहून सकाळी निघून दुपारी दुकानात पोहोचतो. त्याच रस्त्याने गिऱ्हाईकही लातूरला जाते. शिकवणी आणि महाविद्यालयांसाठी मुले लातुरात राहत असतील, तर घरची मोठी खरेदीही तिकडेच उरकली जाते. हैदराबाद संस्थानाच्या काळात आखलेली लातूरची गंजगोलाई, म्हणजे मध्यभागी देवीचे मंदिर असलेली गोलाकार इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते, ही या सबंध भागाची ठोक पेठ राहिली आहे. तिथे प्रत्येक रस्त्याला ठरावीक व्यापार आहे. चाकूरला असे नियोजन लाभले नाही. येथील पेठ आधी गावठाणात आणि नंतर रस्त्याच्या कडेने, ज्याला जशी जागा मिळाली तशी वाढली.

== ग्रामपंचायतीकडून नगरपंचायतीकडे ==

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने 'ग्रामीण क्षेत्रातून नागरी क्षेत्रात संक्रमित होणाऱ्या' वस्त्यांसाठी नगरपंचायत ही संस्था निर्माण केली. महाराष्ट्रात ती 'महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५' या कायद्याखाली येते. तालुका मुख्यालयी असलेल्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर करण्याचे धोरण राज्य शासनाने २०१४ मध्ये स्वीकारले आणि चाकूरची नगरपंचायत त्यातूनच झाली. नगरपंचायतीत १७ निर्वाचित नगरसेवक असतात आणि प्रशासन शासननियुक्त मुख्याधिकाऱ्याकडे असते.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने पहिला बदल कराचा. ग्रामपंचायतीची घरपट्टी तुलनेने कमी असते आणि तिची आकारणी बहुधा ओळखीच्या माणसांकडून होते. नगरपंचायतीत मालमत्तांचे मोजमाप होऊन दर चार वर्षांनी करआकारणीची फेरतपासणी होते. तिला चतुर्वार्षिक करआकारणी म्हणतात. व्यापारी वापराला निवासी वापराहून वेगळा दर लागतो. त्यामुळे पुढे दुकान आणि मागे घर अशी रचना असलेल्या जुन्या वाड्यांत कोणता भाग कशात मोजायचा, यावर हरकती येतात. हरकतीची मुदत नोटिशीत दिलेली असते. ती टळली की आकारणी अंतिम होते.

दुसरा बदल सभेचा. ग्रामपंचायतीत गाळे कोणाला दिले, बाजाराचा लिलाव कितीला गेला, हे ग्रामसभेत विचारता येत असे. नगरपंचायतीत ग्रामसभा नाही. हे प्रश्न नगरसेवकांच्या सर्वसाधारण सभेत जातात आणि नागरिकाला माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो. शहर झाल्याचा लाभ निधीच्या रूपाने मिळतो. नगरोत्थान, नागरी घरकुल आणि नागरी स्वच्छता या योजनांची दारे उघडतात. ग्रामसभेच्या जागी मात्र तितकेच सोपे दुसरे काही आलेले नाही, आणि निधीच्या आकड्यांवरील चर्चेत ही उणीव सहसा बाजूला पडते.

बांधकामासाठी राज्याची 'एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली' डिसेंबर २०२० पासून लागू आहे आणि ती नगरपंचायत क्षेत्रालाही लागू होते. दुकानापुढील मोकळी जागा, वाहनतळ, जिन्याची रुंदी, आगीपासून बचाव अशा बाबी तीत ठरवून दिल्या आहेत. जुन्या पेठेतील भिंतीला भिंत लागून असलेल्या दुकानांनी पुनर्बांधणी करायची म्हटली, तर सध्याइतके क्षेत्र मिळेलच असे नाही. म्हणून अनेक मालक पाडून बांधण्याऐवजी दुरुस्ती, पत्रे आणि नवे शटर यांवरच भागवतात.

== सार्वजनिक मालकीचे गाळे ==

मराठवाड्यातील बहुतेक तालुक्यांच्या गावी स्थानिक संस्था, बाजार समिती किंवा पंचायत समिती यांनी बांधलेले गाळे आढळतात. अनामत रक्कम घेऊन लिलावाने गाळा द्यायचा, भाडे अल्प ठेवायचे आणि ते वर्षानुवर्षे वाढवायचे नाही, ही जुनी रीत. गाळेधारकाने फर्निचर, शटर, पोटमाळा यांवर स्वतःचा खर्च केलेला असतो. काही ठिकाणी मूळ गाळेधारक पोटभाडेकरू ठेवतो आणि संस्थेला भरतो त्याच्या कितीतरी पट भाडे घेतो. कागदावर हा करारभंग आहे. व्यवहारात तो सर्वांना ठाऊक असतो.

१९६५ च्या अधिनियमाच्या कलम ९२ नुसार नगरपंचायतीला आपली स्थावर मालमत्ता शासनाच्या मंजुरीविना हस्तांतरित करता येत नाही. तीन वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा ती स्वतःच्या ठरावाने देऊ शकते, मात्र भाडेकरूला तेथे पक्के बांधकाम करता येत नाही. तीन वर्षांनंतर नूतनीकरणाला वरिष्ठांची परवानगी लागते आणि एकूण मुदत नऊ वर्षांपलीकडे जाऊ शकत नाही. दोन पिढ्या एकाच गाळ्यात बसलेल्या कुटुंबाला गाळा आपलाच वाटतो. कायद्याच्या नजरेत तो मुदतीच्या पट्ट्यावरचा भाडेकरू असतो, आणि मुदत संपल्यावर तेही राहत नाही.

येथे भाडे नियंत्रण कायद्याचा आधार मिळत नाही. मराठवाड्यात पूर्वी हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे नियंत्रण कायदा होता. मुंबईचा १९४७ चा कायदा, मध्य प्रांत व वऱ्हाडचा आदेश आणि हा हैदराबादचा कायदा असे तीन वेगवेगळे कायदे रद्द करून 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९' आणण्यात आला. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. तो लागू असलेल्या गावांत खासगी मालकाच्या जुन्या भाडेकरूला ठोस कारणाशिवाय काढता येत नाही, आणि पागडीचा व्यवहारही या कायद्याने वैध ठरवला. परंतु शासन आणि स्थानिक प्राधिकरण यांच्या मालकीच्या जागा या कायद्यातून वगळल्या आहेत. परिणामी खासगी वाड्यातील भाडेकरूला जे संरक्षण मिळू शकते, ते नगरपंचायतीच्या गाळेधारकाला नाही.

हा प्रश्न किती चिघळू शकतो, हे जळगावात दिसले. तेथील महापालिकेच्या व्यापारी संकुलांतील दोन हजारांहून अधिक गाळ्यांच्या कराराची मुदत २०१२ मध्ये संपली. थकबाकी, नवे भाडे आणि फेरलिलाव यांवरून वाद उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला आणि दशकभराहून अधिक काळ रेंगाळला. महापालिकांसाठी २०१९ मध्ये केलेल्या नियमांत नूतनीकरणाचे भाडे बाजारमूल्याच्या ८ टक्के दराशी जोडले गेले. राज्यभरच्या व्यापाऱ्यांच्या विरोधानंतर हे प्रमाण पुढे खाली आणले गेले. दोन्ही बाजूंना तथ्य होते. नाममात्र भाड्यामुळे शहराचे हक्काचे उत्पन्न बुडते आणि त्याचा लाभ मोजक्या कुटुंबांना मिळतो. उलट, वीस-तीस वर्षे गोठवलेले भाडे एका झटक्यात बाजारभावाला नेले, तर किरकोळ नफ्यावरील दुकान बंद पडते. दोष मुख्यतः मधल्या वर्षांत भाडे न वाढवणाऱ्या आणि करार नूतनीकरण न करणाऱ्या कारभाराचा होता. चाकूरसारख्या गावात गाळ्यांची संख्या थोडी असते, त्यामुळे असा वाद न्यायालयात जाण्याआधी ओळखीपाळखीत मिटतो. परंतु मिटवण्याची जी रीत, म्हणजे तोंडी मुदतवाढ, तिला कायद्यात आधार नाही. नवा मुख्याधिकारी किंवा लेखापरीक्षक आला की ती उघडी पडते.

== आठवडी बाजार आणि रस्त्यावरील विक्रेते ==

आठवडी बाजारात आसपासच्या खेड्यांतील शेतकरी, माळवं विकणाऱ्या बाया, मसाले, बांगड्या, तयार कपडे आणि शेतीची अवजारे विकणारे फिरते व्यापारी येतात. त्यांच्याकडून जागेचे भाडे वसूल करण्याचा ठेका लिलावाने देण्याची पद्धत आहे. मराठवाड्यात या वसुलीला तहबाजारी म्हणतात. ठेकेदाराने नमूद दरापेक्षा अधिक घेतल्याच्या आणि पावती न दिल्याच्या तक्रारी अनेक गावच्या बाजारांत ऐकू येतात. दरपत्रकाचा फलक बाजारात ठळकपणे लावला, तर यातील बरेचसे टळते.

'पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४' हा केंद्रीय कायदा १ मे २०१४ पासून लागू आहे. तो महानगरपालिका, नगरपरिषद आणि नगरपंचायत यांच्या क्षेत्रासाठी असून ग्रामपंचायतीसाठी नाही. म्हणजे चाकूर नगरपंचायत होताच येथील हातगाडीवाला, टोपलीवाली, पदपथावरचा चांभार आणि चहाची टपरी चालवणारा या सर्वांना एका केंद्रीय कायद्याचे संरक्षण मिळाले. बाजारपेठेतील सर्वांत कमी भांडवलाच्या माणसाला शहर होण्याचा हा थेट कायदेशीर लाभ आहे, आणि तो बहुतेकांपर्यंत पोहोचलेला नसतो.

या कायद्यानुसार नगर पथविक्रेता समिती नेमावी लागते. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य स्वतः विक्रेते असावेत आणि त्यांत एक-तृतीयांश महिला असाव्यात. दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण करून विक्रेत्यांना प्रमाणपत्र द्यावे लागते. एकूण विक्रेत्यांची मर्यादा लोकसंख्येच्या २.५ टक्के आहे. पहिले सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाही विक्रेत्याला हटवता येत नाही. स्थलांतर करायचे असल्यास ३० दिवसांची नोटीस आवश्यक आहे. जप्त केलेला नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामाच्या दिवसांत परत करावा लागतो. विक्रेते आणि गिऱ्हाईक जिथे परंपरेने जमतात, त्या जागेला कायदा 'नैसर्गिक बाजार' म्हणतो, आणि सर्वेक्षणात तशी ओळख पटलेली जागा विक्रीस मनाई क्षेत्र ठरवता येत नाही.

दुकानदार आणि पथविक्रेता यांच्यातील ताण जुना आहे. शटरपुढे हातगाडी उभी राहिली की दुकानदार तक्रार करतो. त्याच दुकानदाराने स्वतःचा माल पायरीपुढे दोन हात रस्त्यावर मांडलेला असतो. अतिक्रमण हटाव मोहिमेत हातगाडी प्रथम उचलली जाते, कारण ती उचलणे सोपे असते. कायद्याचा क्रम याच्या उलट आहे. सर्वेक्षण झालेले नसताना हातगाडी हटवता येत नाही, मात्र दुकानाची पुढे आलेली पायरी आणि पत्रे हटवता येतात.

जून २०२० मध्ये सुरू झालेल्या 'प्रधानमंत्री स्वनिधी' योजनेत विक्रेत्याला तारणाविना १०,००० रुपयांचे पहिले कर्ज, ते फेडल्यावर २०,००० आणि नंतर ५०,००० रुपये मिळत. नियमित फेडणाऱ्याला व्याजात ७ टक्के सूट होती. २०२५ मध्ये योजनेची फेररचना होऊन पहिले दोन हप्ते १५,००० आणि २५,००० रुपयांचे झाले. कर्जासाठी प्रमाणपत्र किंवा नगरपंचायतीचे शिफारसपत्र लागते. अनेक विक्रेत्यांची कागदोपत्री पहिली ओळख याच निमित्ताने तयार झाली.

== महामार्ग ==

राष्ट्रीय महामार्ग ३६१ तुळजापूर, औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड आणि यवतमाळ, वर्धा मार्गे बुटीबोरीला जातो. चौपदरीकरणाच्या कामाची विभागणी करताना औसा ते चाकूर आणि चाकूर ते लोहा असे दोन टप्पे धरले गेले, त्यामुळे चाकूर या टप्प्यांच्या सांध्यावर आले.

रस्ता रुंद झाला की कडेच्या जागेचा भाव वाढतो, हा समज अर्धाच खरा आहे. रस्ते परिषदेच्या मानकांनुसार खुल्या ग्रामीण भागात राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यरेषेपासून ४० मीटरवर इमारत रेषा आणि ७५ मीटरवर नियंत्रण रेषा असते. पहिलीच्या आत बांधकाम करता येत नाही आणि दोन्हींच्या मध्ये निर्बंधांसह करता येते. गावाच्या हद्दीत ही अंतरे कमी असतात. मधोमध दुभाजक आला की समोरच्या बाजूचे गिऱ्हाईक तुटते. वाहतूक बाह्यवळणावर गेली, तर हॉटेल, पंक्चर आणि टपरी यांचे उत्पन्न घटते, मात्र आतल्या पेठेत पायी फिरणे सोपे होते. कापड किंवा सराफी दुकानाला त्याचा तोटा नसतो. महामार्गाच्या हद्दीतील अतिक्रमण काढण्याचे अधिकार २००२ च्या राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण कायद्याने महामार्ग प्रशासनाला दिलेले आहेत. त्यामुळे तेथील टपरीबाबत नगरपंचायतीची पावती दाखवून उपयोग होत नाही.

भूसंपादनाच्या मोबदल्यातही गावाचा दर्जा आड येतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत शहरी जमिनीला गुणांक १ आणि ग्रामीण जमिनीला १ ते २ असा धरला आहे. बाजारमूल्याला हा गुणांक लावून त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते. म्हणजे गुणांक २ असलेल्या भागातील शेताचा मोबदला सारख्याच भावाच्या नगरपंचायत हद्दीतील जमिनीच्या दुप्पट होऊ शकतो. शहरात बाजारमूल्य मुळातच अधिक असते, हे यामागचे गृहीत. नुकतेच शहर झालेल्या गावाच्या सीमेवरील शेताला ते लागू पडतेच असे नाही. भाड्याच्या जागेत धंदा करणाऱ्याला जमिनीचा मोबदला मिळत नाही. तथापि विस्थापित होणाऱ्या कारागीर व छोट्या व्यापारी कुटुंबांसाठी दुसऱ्या अनुसूचीत किमान २५,००० रुपयांचे एकरकमी साहाय्य आहे.

== जागेचे कागद ==

जुन्या पेठेतील अनेक दुकानांच्या मालकीचा हाती असलेला एकमेव कागद म्हणजे ग्रामपंचायतीच्या 'नमुना नंबर ८' चा उतारा. ती करआकारणीची नोंदवही आहे, मालकीचा पुरावा नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. गावठाणाचे भूमापन होऊन मिळकत पत्रिका मिळाली, तर बँकेला तारण देता येते. यासाठी एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेली स्वामित्व योजना ड्रोनद्वारे गावठाणे मोजते, परंतु ती ग्रामीण क्षेत्रापुरती आहे. नागरी भागासाठीचा 'नक्शा' हा कार्यक्रम फेब्रुवारी २०२५ मध्ये देशातील दीडशेच्या आसपास निवडक शहरांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. शेजारच्या खेड्यातील घराला मिळकत पत्रिका आणि तालुक्याच्या गावच्या दुकानाला मात्र जुना उतारा, अशी उलटी स्थिती यातून संभवते.

रस्त्याकडेच्या नव्या दुकानांचा प्रश्न वेगळा. शेतजमिनीतून एक-दोन गुंठे मुद्रांकावर, म्हणजे लोकांच्या भाषेत 'बॉन्डवर', घ्यायचे आणि पत्र्याचे दुकान टाकायचे, हा प्रकार सर्वत्र आहे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे अशा तुकड्याचे खरेदीखत नोंदत नाही आणि सातबाऱ्यावर नाव मूळ शेतकऱ्याचेच राहते. मूळ मालक वारला, की त्याच्या वारसांशी नवा व्यवहार करण्याची वेळ येते. गुंठेवारी नियमित करणाऱ्या २००१ च्या कायद्याची मुदतरेषा २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली गेली. तुकडेबंदीच्या निर्बंधांतून नागरी क्षेत्रांतील जुन्या व्यवहारांना सोडवण्यासाठी राज्य शासनाने २०२५ मध्ये आणखी सवलत दिली. ती वापरायची तर विक्रेता किंवा त्याचे सर्व वारस सहीला हजर असताना प्रकरण पुरे करणे सोपे जाते.

== दैनंदिन नागरी प्रश्न ==

पेठेतील रोजच्या तक्रारी पाणी, नाल्या, कचरा आणि वाहने यांच्या आहेत. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने पाणी लातूरला आणावे लागले. पहिली गाडी १२ एप्रिलला पोहोचली. अशा वर्षी उपाहारगृह, रसवंती, केशकर्तनालय आणि बांधकाम साहित्याचे दुकान यांना सर्वांत आधी झळ बसते. मार्च २०१८ पासून राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी असून पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड आहे. छोट्या भाजीविक्रेत्याची ही अनेक दिवसांची कमाई असते.

दुकानांच्या नोंदणीसाठी 'महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७' आहे. तो १९ डिसेंबर २०१७ पासून अंमलात आला. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीऐवजी केवळ सूचनापत्र देणे पुरेसे ठरवले गेले, आणि चाकूरसारख्या गावातील बहुतेक दुकाने याच गटात येतात. देवनागरी लिपीतील मराठी पाटीची सक्ती २०२२ च्या दुरुस्तीने अशा छोट्या दुकानांनाही लागू झाली. सूचनापत्राची ऑनलाइन पोच बँकेत चालू खाते उघडताना धंद्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडते. जागेच्या मालकीचा किंवा भाडेपट्ट्याचा पुरावा म्हणून ती धरली जात नाही.